क्लिपच्या उजव्या कोपऱ्यात

अकोला

अकोल्याला मी तिसऱ्यांदा गेले, पण एकटी पहिल्यांदाच. आधीच्या दोन्ही वेळी कॅमेरा, साउंडवाला, भाड्याची गाडी असा लवाजमा बरोबर होता. या वेळी खांद्यावर एक पिशवी आणि तिच्यात लॅपटॉप व हार्डडिस्क. काम एकच होतं. पूर्ण झालेली फिल्म किसनभाऊला दाखवायची.

प्यायल्याशिवाय जी कामं होतच नाहीत, ती करणाऱ्या तीन माणसांवर मी माहितीपट केला आहे. एक जण गटारात उतरतो. दुसरा शवविच्छेदनाच्या खोलीत काम करतो. तिसरा किसनभाऊ. दर्यापूरच्या अलीकडे पूर्णेच्या काठावर त्याचं गाव आहे. आसपास नदीत, विहिरीत कोणी बुडालं की पोलीस ठाण्यातून त्याला फोन जातो. तो उतरतो आणि प्रेत बाहेर काढतो. ही नोकरी नाही, कुठे त्याचं नाव लागलेलं नाही. उतरण्याआधी त्याच्या हातात दारूची क्वार्टर ठेवली जाते, एवढीच रीत. दीड वर्षापूर्वीच्या पावसाळ्यात आम्ही त्याचं शूटिंग केलं होतं. गेल्या उन्हाळ्यात मी ट्रेलर नेटवर टाकला. तो पुष्कळ लोकांनी पाहिला आणि मी खूश झाले. खालच्या कॉमेंट मी वाचत नाही, असं मी तेव्हा जरा ऐटीतच सांगत असे.

जानेवारीतली सकाळ होती. गारठ्यात सरकीचा वास मिसळला होता. स्टेशनाबाहेरच्या एका गाडीवर मी आलूबोंडा मागितला. इकडे तो फोडून त्यावर लाल तर्री ओततात. "सांबार टाकू का?" गाडीवाल्याने विचारलं. मी नको म्हणाले आणि शेजारच्या प्लेटीतली हिरवीगार कोथिंबीर पाहून जीभ चावली. इकडे सांबार म्हणजे कोथिंबीर, हे मी दर वेळी विसरते.

तेवढ्यात एक गृहस्थ रांगेत पुढे घुसले आणि प्लेट पुढे करून म्हणाले, "पहिले माही, मंग बाकीची!"

सगळी रांग हसली. मलाही हसू आलं. वऱ्हाडी म्हण असेल, असं वाटलं. वाक्य कुठेतरी ऐकल्यासारखं मात्र वाटत राहिलं. बोंडा अर्धा संपला तेव्हा गाडीच्या मागे बांधलेल्या फ्लेक्सकडे माझं लक्ष गेलं. त्यावर किसनभाऊ होता. केस ओले, डोळे तारवटलेले, तोंड उघडं. चेहरा कापून घेऊन त्याच्या हातात भज्यांची प्लेट चिकटवली होती. खाली मोठ्या अक्षरांत तेच वाक्य.

मी प्लेट गाडीवर ठेवली.

"हा कोण?" मी विचारलं.

"हा माईत नाई तुमाले?" गाडीवाल्याला खरंच आश्चर्य वाटलं. "पुन्याच्या दिसता. अख्ख्या वऱ्हाडाचा हिरो हाये हा. पाहा." त्याने फोन पुढे केला.

अकरा सेकंदांची क्लिप. नदीचा काठ, चिखल, झोकांड्या खाणारा किसनभाऊ हवालदाराला सलाम ठोकून म्हणतो, "पहिले माही, मंग बाकीची!" मागे कोणीतरी ढोलकी जोडलेली. शॉट माझाच होता. ट्रेलरमध्ये मीच घेतला होता. आधी माझी क्वार्टर, मग बाकीची, म्हणजे नदीत उरलेली प्रेतं, असं त्याला म्हणायचं होतं. त्या दिवशी पुरात तीन माणसं वाहून गेली होती आणि एकच प्रेत हाती लागलं होतं. क्लिप पाहणाऱ्यांपैकी कोणालाही हे ठाऊक नव्हतं.

"लय हसवते बाप्पा," गाडीवाला म्हणाला. मी पैसे देऊन निघाले, पण चार पावलांवर पुन्हा उभी राहिले. हे मी केलंय, हे त्याला सांगावं की नाही, ते कळेना. सांगितलं नाही.

दर्यापूरच्या वाटेवर

जीप भरल्याशिवाय सुटत नाही, आणि भरली म्हणजे काय, याचा वऱ्हाडातला अर्थ आपल्याकडच्यापेक्षा फार उदार आहे. माझ्या मांडीवर एका आजीबाईंची मेथीची पेंढी होती. बाहेर जमीन इतकी सपाट की नजर कशालाही अडत नाही. काळ्या रानात कपाशीची बोंडं फुटलेली, मधून तुरीची पिवळी रांग, वेचणाऱ्या बायकांच्या कमरेला फुगलेल्या ओट्या. आमच्याकडे डोंगर कुठे ना कुठे पाठीशी असतो. इथे आभाळच चारी बाजूंनी जमिनीपर्यंत खाली येतं.

वाटेत एका फाट्यावर चहा घेतला आणि पहिल्याच घोटाला थुंकला. साखरेऐवजी मीठ पडलं, असं मी मालकिणीला सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, "मीठ नाई बाई. पानीच असं हाये अठीचं." पूर्णेच्या दोन्ही बाजूंना हा खारपाणपट्टा आहे. विहीर खणा, बोअर मारा, पाणी खारटच. पिढ्यान् पिढ्या माणसं तेच पितात. मीही मग तो चहा संपवला.

जीपमधल्या एका माणसाने मला कुठे जायचं ते विचारलं. मी गावाचं आणि किसनभाऊचं नाव सांगितलं.

"त्या बेवड्याकडे? व्हिडिओ कराले?" तो उत्साहाने म्हणाला. "मंग हात हलवत नका जाऊ. आमी गेल्तो मागं, चार जन. क्वार्टर दाखवली तरी बोल्लाच नाई. भाव खाते आता. जबरदस्तीनं पाजाले गेलो तं त्याची बायको विळा घेऊन आली."

जीप हसली. मेथीवाल्या आजीबाई तेवढ्या हसल्या नाहीत. मी खिडकीबाहेर पाहत राहिले. 

पूर्णेकाठी

किसनभाऊचं घर गावाच्या कडेला, नदीकडे उतरणाऱ्या वाटेवर आहे. मी गेले तेव्हा ओट्यावर एक माणूस जाळं विणत बसला होता. दाढी केलेली, अंगात धुतलेला सदरा. मी त्यालाच विचारलं, "किसनभाऊ आहेत का?"

"ओळखलं नाई न ताई?" तो म्हणाला.

दीड वर्षापूर्वी मी ज्याचं शूटिंग केलं, त्या माणसाचे हात सतत थरथरायचे. हे हात जाळ्याच्या गाठी मारत होते.

"सात महिने झाले, सोडली," तो म्हणाला. "डाक्टर नाई, गंडा नाई. पहिले पंधरा दिवस हिनं मले खाटेले बांधून ठेवलं होतं. सुटलो तं मारीन म्हनत होतो हिले."

"अन् म्या म्हनलं, मार, पन बांधलेल्या हातानं कसा मारशीन?" आतून त्याची बायको म्हणाली. या कमलावहिनी. विळा त्यांचाच. बारीक अंगाच्या, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत पाहणाऱ्या. त्या हसत होत्या, पण माझ्या पिशवीकडे त्यांनी दोनदा पाहिलं. "आता अजून काय काढाचं हाये ताई?"

"काही नाही वहिनी. काढलेलं दाखवायला आले आहे."

आधी जेवण झालं. ज्वारीची भाकरी, तुरीच्या ओल्या दाण्यांची, इकडच्या सोल्यांची, वांगी घालून केलेली भाजी, मिरचीचा ठेचा. त्या भाजीची चव पुण्यात कुठल्याही पैशाने मिळणार नाही. माझ्या मनात मात्र बोलायची जुळवाजुळव चालली होती. शेवटी हात धुवून आल्यावर मी म्हणाले, "किसनभाऊ, ती क्लिप. ते वाक्य. माझ्यामुळे झालं ते. मी माफी मागायला..."

"वाक्याचं काय घेऊन बसल्या?" त्याने मला थांबवलं. "बोल्लो तं मीच होतो. दारू बोलली असन, पन तोंड माहं होतं. लोकं हसून राहिले तं हसू द्या. लगनात आमाले तसंही कोनी बलावत नाई. प्रेताले हात लावते म्हनून माह्या हातचं पानी पीत नाई कोनी. आता निदान नाव तरी घेतात."

मला थोडं हलकं वाटलं. ते पाहून की काय, तो माझ्याकडे वळून बसला.

"सही तुमी माही तवाच घेतली होती न? त्याच दिवशी?"

घेतली होती. तो काठावर बसला होता, मी कागद पुढे धरला होता, त्याने अंगठ्याशेजारी नाव खरडलं होतं. तो शुद्धीत नव्हता, हे मला दिसत होतं. पण दिवस मावळत होता आणि आम्हाला निघायचं होतं.

"हो," मी म्हणाले.

"बरं. आता लावा ते."

मी लॅपटॉप उघडला. त्याच्या वाट्याची पंचवीस मिनिटं दोघांनी पाहिली. तो सलामाचा शॉट आला तसा तो म्हणाला, "थांबवा."

मी थांबवलं. त्याने बोट पडद्यावर, स्वतःच्या चेहऱ्यावर नाही, तर उजव्या कोपऱ्यात ठेवलं.

"हे कोन हाये?"

त्याच्या पाठीमागे चिखलात निळी ताडपत्री होती. ताडपत्रीखालून एक पाऊल बाहेर आलं होतं. पायात बारीक पैंजण, नखांना लाल रंग.

"पोट्टी निजेल हाये तठी," तो म्हणाला. "म्या आत्ताच काढली तिले. अन् लोक त्याच्यावर ढोलकी वाजवून राहिले. म्या पानठेल्यावर पाह्यलं हे पहिल्यांदा. सगळे मले पाहून हसत होते. मले तो पायच दिसे. त्या दिवसापासून घशाखाली नाई उतरली दारू."

 हा शॉट मी निदान शंभर वेळा पाहिला होता. चौकट भरलेली वाटते, मागे खोली मिळते, म्हणून निवडला होता. चिखलाच्या करड्या रंगात तो निळा उठून दिसावा म्हणून रंग दुरुस्त करताना मी ताडपत्री स्वतः उजळून घेतली होती. पाऊल मला दिसत होतं. ते कोणाचं तरी आहे, हे मात्र मला दिसलं नव्हतं.  कमलावहिनी पाणी घेऊन आल्या. ते खारट पाणी मी गटागटा प्यायले.

"तिच्या घरच्यायनं पाह्यलं असन का?" किसनभाऊने विचारलं. "मले हेच विचाराचं होतं कोनाले तरी. अमरावतीची होती. पेढी नदीच्या ठेंगण्या पुलावरून गाडीसकट वाहून गेल्ती. तिचे वडील काठावर आल्ते, वकील हायेत. मले कार्ड देऊन गेले. कधी काही लागलं तं या म्हने. काय तोंड घेऊन जाऊ?"

कार्ड त्याने देवाच्या फोटोमागे जपून ठेवलं होतं. त्यावरचा नंबर मी लावला. बाईंचा आवाज आला. मी माझं नाव सांगितलं, फिल्मचं सांगितलं. 

"तुम्हीच का त्या?" त्या म्हणाल्या. आणि मग, "उद्या या. शाळेतून रजा काढते मी."

अमरावती

सकाळी दोघं निघालो. किसनभाऊने इस्त्रीचा सदरा घातला होता आणि तोंडाला गमछा बांधला होता. जीपमध्ये कोणी ओळखू नये म्हणून. मी शेजारी बसून होते. दोन तास कोणी ते वाक्य उच्चारू नये, एवढीच प्रार्थना मनात चालू होती. कोणी उच्चारलं नाही.

अमरावतीत उतरल्यावर वेळ होता म्हणून एका ठेल्यावर गिलावडा घेतला. दह्यात बुडवलेला वडा, वर झणझणीत मिरची. किसनभाऊने त्याच्या प्लेटीतला अर्धा ठेवला. "नाई जात ताई," म्हणाला.

वकिलांचं घर जुन्या वस्तीत आहे. दारात तुळस, फाटकावर दोन नावांच्या पाट्या, त्यांची वकिलीची आणि बाईंची एम.ए., बी.एड.ची. फाटकाशी किसनभाऊ थांबला. "मी अठीच हाये. तुमी जा." कितीही सांगितलं तरी हलला नाही.

फोनवरच्या त्या बाई, मुलीच्या आई सुनंदाबाई, पन्नाशीच्या असतील. वकीलसाहेब कोर्टात गेले होते. "ते या विषयावर बोलत नाहीत," एवढंच त्या म्हणाल्या. पाणी दिलं. अमरावतीचं गोडं पाणी. मी माफीची वाक्यं म्हणायला सुरुवात केली. त्यांनी ती ऐकून घेतली नाहीत.

"मी मराठी शिकवते," त्या म्हणाल्या. "वर्गात मुलं सारखी म्हणायला लागली, पहिले माही, पहिले माही. मी स्टाफरूममध्ये विचारलं, हे काय नवीन? तर एका बाईंनी फोनवर दाखवलं. मी हसले. मीसुद्धा हसले हो. म्हटलं, पुन्हा लावा. दुसऱ्यांदा पाहताना पाय दिसला. नखांना रंग मीच लावून दिला होता तिला, आदल्या दिवशी. तिचा उजवा हात दुखत होता म्हणून."

त्या रडल्या नाहीत.  आतापर्यंत मी जे जे शूट केलं, ज्या ज्या कोपऱ्यांत जे जे पडलेलं असेल, ते सगळं त्या खोलीत येऊन बसल्यासारखं वाटलं.

"तुमच्याकडे याच्या आधीचं आहे का?" त्यांनी विचारलं. "तिला बाहेर काढतानाचं? यांनी मला काठावर येऊ दिलं नव्हतं."

होतं. अकरा सेकंदांच्या आधीची नऊ मिनिटं. भिंगावर बाष्प धरल्यामुळे तो शॉट धूसर आला होता, म्हणून मी बाजूला टाकला होता. मी हार्डडिस्क जोडली आणि फाइल शोधू लागले. शेजारी बसलेल्या बाई पडदा वाचत होत्या, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. फाइलला मी दिलेलं नाव होतं, 'बॉडी एक'.

"ऋतुजा," बाई हळूच म्हणाल्या. "तिचं नाव ऋतुजा."

मी शॉट लावला. धुक्यातून पाहावं तसं दिसत होतं. गळ्यापर्यंत पाण्यात किसनभाऊ. काठावरून कोणीतरी दोर फेकतं, बांध म्हणून ओरडतं. तो दोर घेत नाही. तिला दोन्ही हातांवर घेतो. प्यालेला आहे, पाय सरकतायत, दोनदा पडता पडता सावरतो, पण हात खाली जाऊ देत नाही. कमरेइतक्या पाण्यात आल्यावर थांबून तिच्या तोंडावरचे केस बाजूला करतो. आवाज मात्र स्वच्छ आला होता. तो तिच्याशी बोलत होता.

"चाल माय. लय थंडी हाये अठी. घरी जाऊ."

बाईंनी तेवढा भाग पुन्हा लावायला सांगितला. मग म्हणाल्या, "हे मला द्या. आणि तुमच्याकडचं पुसून टाका. कोणाला दाखवायचं नाही."

खोटं का बोलू, क्षणभर मी अडखळले. त्या नऊ मिनिटांइतकं खरं माझ्या सगळ्या फिल्ममध्ये काही नव्हतं, आणि हे मला तेव्हाच कळत होतं. मी त्यांच्या पेनड्राइव्हवर फाइल उतरवली आणि त्यांच्यासमोर माझ्याकडची पुसली. पुण्यात आणखी एक प्रत होती. ती आल्याबरोबर पुसली. ट्रेलर काढला. सलामाचा शॉट फिल्ममधून गेला. किसनभाऊ फिल्ममध्ये राहणार आहे की नाही, ते त्याने अजून ठरवलेलं नाही, आणि या वेळी कागद त्याच्याच घरी ठेवून आले आहे. क्लिप फिरायची ती फिरतेच आहे. ती परत आणणं कोणाच्याच हातात नाही.

"तो माणूस आता कुठे असतो?" बाईंनी विचारलं.

"बाहेर उभा आहे. फाटकाशी."

त्या तडक उठल्या. मी मागोमाग गेले. किसनभाऊ फाटकाला पाठ करून उभा होता. चाहूल लागली तसा वळला आणि तोंडावरचा गमछा काढला.  मग बाईंनी अगदी साध्या आवाजात विचारलं,

"जड होती का हो ती?"

किसनभाऊने खाली पाहिलं. "पान्यात कोनी जड नसते, बाई," तो म्हणाला. "काठावर आनल्यावर होते."

बाई पायरीवर बसल्या आणि तेव्हा कुठे त्यांना रडू आलं. तो आत आला, हातभर अंतर सोडून जमिनीवर बसला. त्यांचं रडणं संपेपर्यंत बसून राहिला. नंतर त्यांनी आम्हाला जेवू घातलं. किसनभाऊला पाटावर बसवून त्याचं ताट त्यांनी स्वतः वाढलं. भाकरीचा पहिला तुकडा त्याच्या हातात कितीतरी वेळ तसाच होता.

दुपारी स्टँडवर आलो. मला पुण्याची गाडी, त्याला दर्यापूरची जीप. जीपमध्ये बसतो न बसतो तोच त्याचा फोन वाजला. ठाण्यातून होता. कुठल्याशा विहिरीत कोणी पडलं होतं. पलीकडचा माणूस मोठ्याने बोलत होता, मला खिडकीशी उभ्या उभ्या सगळं ऐकू येत होतं. येतोस का, किती वेळात, आणि सवयीने, "तुही क्वार्टर घेऊन ठेवतो."

"ते नको," किसनभाऊ म्हणाला. "चादर आनजा एक. धुतलेली."